निदानाचे पैसे कोण देणार?

गाडी दुरुस्तीच्या बिलात दोन रकाने असतात: पार्ट आणि मजुरी. पार्टसमोर नाव, नंबर, नग. मजुरीसमोर ‘अमुक बसवणे’, ‘तमुक बदलणे’. बिघाड नेमका कुठे आहे हे शोधण्यात जे दोन तास गेले, त्यांना या कागदावर जागाच नसते. मग ते कुठेतरी मुरवावे लागतात. कधी पार्टच्या नफ्यात, कधी बसवण्याच्या मजुरीत, आणि बऱ्याचदा ते मेकॅनिकच्याच अंगावर पडतात. दुरुस्ती महाग का वाटते, चांगले मेकॅनिक या धंद्यात टिकत का नाहीत, आणि धडधाकट पार्ट सर्रास का बदलले जातात, या तिन्ही तक्रारींचं मूळ मला या न छापलेल्या ओळीत दिसतं.

एक अगदी रोजचं उदाहरण घेऊ. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला, स्कॅनर जोडला आणि कोड आला: पी०१७१. अर्थ, मिश्रण ‘लीन’ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. पेट्रोल इंजिनला एक किलो पेट्रोलमागे साधारण १४.७ किलो हवा लागते. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर धुरात उरलेला ऑक्सिजन बघतो. तो जास्त दिसला की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवतो. ही वाढ-घट टक्क्यांत नोंदली जाते, तिला फ्युएल ट्रिम म्हणतात. ट्रिम पाच-सात टक्के वरखाली असणं नेहमीचंच. ती वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत चढून तिथेच बसली, की ईसीयू हात टेकतो आणि दिवा लावतो. त्याचं म्हणणं इतकंच असतं, की एवढं पेट्रोल वाढवूनही माझा हिशेब जुळत नाही. कोणता पार्ट गेलाय, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

आता दोन वाटा आहेत. पहिली वाट सोपी. कोडच्या वर्णनात ऑक्सिजनचा उल्लेख सापडतो, म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदला. दिवा आठवड्याने पुन्हा लागतो, मग हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर बदला. तरी नाही गेला, तर फ्युएल पंप. तीन महागडे पार्ट झाले, आणि मूळ बिघाड जिथे होता तिथेच आहे.

दुसरी वाट अशी. इंजिन गरम करायचं आणि ट्रिम दोनदा बघायची: एकदा आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटरला हात न लावता, आणि एकदा २,५०० आरपीएमला धरून. आयडलला अधिक वीस आणि २,५०० ला जेमतेम तीन-चार, असं दिसलं तर इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गात, कुठेतरी चोरून हवा शिरतेय. भोक तेवढंच राहतं, पण थ्रॉटल उघडल्यावर इंजिन इतकी हवा ओढतं की त्यात ही चोरटी हवा नगण्य ठरते. चित्र उलटं असेल, आयडलला सगळं ठीक आणि लोड वाढेल तशी ट्रिम चढत जात असेल, तर संशय मळलेल्या एअरफ्लो सेन्सरवर किंवा थकलेल्या पंपावर. तिथे प्रेशर गेज लावला की दोघांपैकी एक लगेच सुटतो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला चीर असेल तर बाहेरची हवा आत खेचली जाऊन सेन्सर फसतो, तेही बघावं लागतं. हवेची गळती ठरली, की इनटेकमध्ये अगदी हलक्या दाबाने धूर सोडायचा आणि टॉर्च घेऊन बसायचं. धूर बहुधा पीसीव्हीच्या (इंजिनच्या पोटातली वाफ परत इनटेकमध्ये नेणाऱ्या) रबरी होजच्या खालच्या अंगातून, इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून किंवा ब्रेक बूस्टरच्या पाइपातून निघतो.

यातही पाचर आहे. ज्या इंजिनात एअरफ्लो सेन्सर नसून मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो, तिथे चोरटी हवाही मोजली जाते. ईसीयू तिच्या हिशेबाने पेट्रोल देतो, ट्रिम फारशी हलत नाही आणि नुसता आयडल चढतो. वर सांगितलेलं पाठ करून ठेवलेला मेकॅनिक इथे हमखास चुकतो. म्हणजे आधी ही गाडी हवा कशी मोजते, हे माहीत हवं.

या सगळ्याला तास-दीड तास लागतो आणि शेवटी बदलायचा असतो वीतभर रबराचा होज. पहिल्या वाटेने गेलेल्या गॅरेजला तीन पार्टचा नफा आणि तीन वेळची मजुरी मिळाली. दुसऱ्या वाटेने गेलेल्याला मिळाली एका होजची आणि दहा मिनिटांची मजुरी. अशा बाजारात प्रामाणिकपणा टिकतो तो केवळ एखाद्याच्या स्वभावामुळे, आणि स्वभावाच्या भरवशावर धंदा चालवणं काही खरं नाही.

गंमत म्हणजे, हे कोड मेकॅनिकच्या सोयीसाठी जन्मालाच आले नव्हते. १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कारला ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष नोंदवायची ही यंत्रणा, सक्तीची झाली, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. उद्देश प्रदूषणावर नजर ठेवण्याचा होता. त्यामुळे या यंत्रणेची सगळी भाषा धूर बिघडतोय का, याचीच आहे. १६ पिनांचा एकसारखा सॉकेट सगळ्या गाड्यांत आला, स्वस्तातले कोड रीडर आले, आणि ‘कॉम्प्युटर लावला की तोच सांगतो’ हा समज गिऱ्हाइकांत पक्का झाला. दोन मिनिटांच्या कोड वाचण्याला लोक निदान समजू लागले आणि साहजिकच निदानाचे पैसे मागणारा त्यांना लुबाडणारा वाटू लागला. मेकॅनिक लोकांनीही हा समज पोसला, हे कबूल करायला हवं. ‘स्कॅनिंग फ्री’ अशी पाटी लावणाऱ्याने आपल्या सगळ्यात अवघड कामाची किंमत स्वतःच शून्य ठरवली.

जुने मिस्त्री आवाजावरून बिघाड सांगायचे आणि आताची पोरं लॅपटॉप बघतात, असा सूर नेहमी ऐकू येतो. मला तो अर्धाच पटतो. कान अजून लागतोच. टॅपेटची टकटक, बेअरिंगची घरघर आणि टायमिंग चेन सैल पडल्यावर थंड इंजिन चालू करतानाची ती दोन सेकंदांची खडखड कुठलाही स्कॅनर नीट सांगत नाही. बदललं ते वेगळंच. कार्ब्युरेटरच्या काळात खोलणं हाच शोधण्याचा भाग होता. जेट काढला, कचरा दिसला, फुंकला, बसवला. आज खोलल्याने उलट पुरावा जातो. वायरचा कपलर उपटून परत लावला की पिनेवरचा गंज घासला जातो, दोष तात्पुरता पळतो आणि गाडी ‘दुरुस्त’ होऊन जाते. पंधरा दिवसांनी ती टोचन करून परत येते. त्याहून वाईट सवय म्हणजे हात लावायच्या आधीच कोड पुसणं. कोडसोबत त्या क्षणाचं आरपीएम, इंजिनचं तापमान, लोड, वेग असं सगळं साठवलेलं असतं, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कधीतरीच येणाऱ्या बिघाडात तेवढाच एक साक्षीदार असतो आणि एका बटणात तो नाहीसा होतो.

मीटर हातात असून त्याचा उपयोग न कळणं, हा तर या धंद्यातला सगळ्यात महाग अडाणीपणा आहे. सेल्फ मारल्यावर इंजिन जड फिरतं अशी तक्रार घ्या. बॅटरी तपासली: १२.६ व्होल्ट, पूर्ण चार्ज. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाकडून इंजिनला जाणारी अर्थची (अर्थिंगची) पट्टी मीटरने ओहममध्ये तपासली, शून्य दाखवतंय, म्हणजे चांगली. मग उरला स्टार्टर, तो बदला. इथे फसगत झाली. पट्टीतल्या शंभर तारांपैकी पाच शाबूत असल्या तरी मीटरचा किंचितसा प्रवाह त्यातून आरामात जातो आणि आकडा चांगला येतो. स्टार्टर मात्र दोनशे अँपिअर मागतो. पट्टीत केवळ ०.००५ ओहम अडथळा असला, तर दोनशे अँपिअरला तिथेच एक व्होल्ट सांडतो. साध्या मीटरला इतका लहान अडथळा दिसतच नाही. तो दिसतो व्होल्टेज ड्रॉपमध्ये. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरं इंजिनच्या ब्लॉकला, आणि मदतनिसाने सेल्फ मारायचा. आकडा ०.२ व्होल्टच्या वर गेला तर अर्थमध्ये दोष. हीच चाचणी पॉझिटिव्ह बाजूला करायची. पाच मिनिटांचं काम, काहीही न खोलता. टोक क्लॅम्पला न लावता थेट खांबालाच लावायचं, कारण अर्ध्या वेळा दोष खांब आणि क्लॅम्प यांच्या मधल्या पांढऱ्या भुकटीतच असतो.

हाच खराब अर्थ सेन्सरच्या आकड्यांतही घुसतो. सेन्सर पाच व्होल्टच्या हिशेबात बोलतात. जमीन, म्हणजे अर्थच, अर्ध्या व्होल्टने वर उचलली गेली तर एकाच वेळी चार-पाच वेगवेगळे कोड येतात. कोडांची यादी बघून पार्टची यादी करणारा माणूस अशा वेळी गिऱ्हाइकाला पार बुडवतो, आणि तेही कुठलाही वाईट हेतू नसताना.

वायरिंगच्या पुढे नेटवर्क. बॉशने १९८६ मध्ये मांडलेली कॅन ही पद्धत आज जवळपास प्रत्येक कारमध्ये आहे. पिळलेल्या दोन तारा, आणि त्यावर इंजिन, ब्रेक, एअरबॅग, मीटर, दिवे सगळे एकाच चावडीवर बोलतात. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर. बॅटरी सोडवून सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजले तर ६० यायला हवेत, कारण दोन १२० समांतर. १२० आले, तर एका टोकाचा संबंध तुटलाय. शून्याजवळ आले तर दोन तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्यात. मागच्या दिव्यातून डिकीच्या कोपऱ्यात पाणी झिरपून तिथला एखादा मॉड्यूल (नेटवर्कवरचा छोटा कॉम्प्युटर) भिजला, तर तो सगळ्यांचं बोलणं बंद पाडू शकतो. गाडी चालू होत नाही, मीटरवरचे दिवे नाचतात, आणि दोष मात्र टेल लॅम्पच्या कुजलेल्या रबरात! शोधायचा रस्ता एकच. वायरिंग डायग्राम समोर ठेवून एकेक मॉड्यूल नेटवर्कवरून काढायचा आणि तारांवरचे व्होल्ट बघायचे. शांत असताना दोन्हींवर साधारण अडीच-अडीच, बोलताना एक साडेतीनकडे वर, दुसरी दीडकडे खाली. यात अर्धा दिवस जाऊ शकतो. पार्टचा रकाना शेवटपर्यंत कोरा राहण्याचीही शक्यता असते.

या अर्ध्या दिवसाचा मोबदला ठरवायचा कसा? बऱ्याच मोठ्या वर्कशॉपांत मजुरी ठरीव तासांवर चालते. कुठल्या कामाला किती वेळ, याचा तक्ता असतो. तक्त्यात दोन तास आणि माणसाने ते काम सव्वा तासात उरकलं, तरी त्याला दोन तासांचे पैसे. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, सस्पेन्शनचे बुश यांना ही पद्धत ठीक आहे. हात चालवणाऱ्याचा फायदा होतो. निदानाला मात्र तक्ता करता येत नाही. जिथे केलाय तिथे तो इतका आखूड असतो की नेटवर्कचा बिघाड शोधणारा मेकॅनिक शेजारी ब्रेक पॅड बदलत बसलेल्यापेक्षा कमी कमावतो. वर्कशॉपमधल्या सगळ्यात हुशार माणसाकडे सगळ्यात अवघड गाड्या येतात आणि महिन्याअखेर त्याचेच तास कमी भरतात. तो मग एक तर सोप्या कामाकडे वळतो किंवा धंदा सोडतो. याला ‘कुशल कामगारांचा तुटवडा’ म्हणायचं आणि हळहळायचं, हे ढोंग आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. निदानाचं स्वतंत्र, आधी सांगितलेलं, तासावर मोजलेलं बिल असावं. त्याच्या बदल्यात पार्टवरचा नफा कमी करावा, कारण आज तो निदानाचाही भार वाहतोय. गिऱ्हाईक बाहेरून पार्ट आणून देतो म्हटलं की गॅरेजवाला चिडतो, ते याचसाठी. त्याचा शोधण्याचा मोबदला त्या पार्टच्या किमतीत लपलेला असतो.

इथे डॉक्टरची उपमा नेहमी दिली जाते, की तपासणी फी मुकाट देता ना? उपमा अर्धी लागू पडते. डॉक्टरने लिहिलेलं औषध बहुधा दुसऱ्या दुकानातून घ्यावं लागतं. मेकॅनिक मात्र रोग सांगतो तोच, आणि औषध विकतो तोच. त्यामुळे गिऱ्हाइकाचा संशय निराधार नाही. तो नुसत्या ‘विश्वास ठेवा’ने जाणार नाही. निदानाचे पैसे घ्यायचे तर निदान कागदावर द्यायला हवं: कोणती चाचणी केली, कोणता आकडा आला, किती यायला हवा होता, आणि त्यावरून काय वगळलं. काम टप्प्यांत असावं. पहिला एक तास, मग फोन. पुढे आणखी किती लागेल याचा अंदाज आणि गिऱ्हाइकाचा होकार. सांगितलेला पार्ट बदलून दोष गेला नाही, तर त्या पार्टचा खर्च गॅरेजचा. ही अट जाचक वाटेल, पण अंदाजाने पार्ट बदलण्याला तिनेच लगाम बसतो.

यावर एक आक्षेप मात्र मला खरोखर अवघड वाटतो. कधीतरीच येणारा बिघाड. गाडी गॅरेजमध्ये आली की शहाण्यासारखी वागते. तीन तास हार्नेस हलवून, हेअर ड्रायरने मॉड्यूल तापवून, पाणी फवारून पाहिलं आणि काहीच घडलं नाही, तर पैसे घ्यावेत का? माझ्या मते घ्यावेत, पण ठरलेल्या मर्यादेपर्यंतच आणि ते आधी सांगून. गिऱ्हाइकाला हे आवडणार नाही. न शोधता एखादा सेन्सर बदलून त्याला समाधान देणं त्याहून स्वस्त पडत नाही, एवढं तरी त्याला समजावून सांगता येईल.

साधी कामंसुद्धा आता तितकी साधी राहिलेली नाहीत, हेही गिऱ्हाइकाला दिसत नाही. मागच्या ब्रेक पॅडचं घ्या. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असलेल्या गाडीत स्कॅनरने कॅलिपर सर्व्हिस मोडमध्ये न नेता पिस्टन दाबून मागे ढकलला, तर आतला मोटर-गिअर तुटतो. स्टार्ट-स्टॉपच्या गाडीत बॅटरी बदलली तर बऱ्याच मॉडेलांत नवी बॅटरी गाडीला सांगावी लागते, नाहीतर ती जुनीच समजून चार्ज होत राहते आणि लवकर जाते. कॉमन रेल डिझेलचा इंजेक्टर बदलला की त्याच्या डोक्यावर छापलेला जुळवणीचा कोड ईसीयूत भरावा लागतो. तो विसरला की इंजिन आयडलला थरथरतं आणि दोष इंजेक्टरच्या माथी येतो. तिथलं प्रेशर २,००० बारपर्यंत जातं. चालू इंजिनचा पाइप ढिला करून ‘कोणता सिलिंडर मारतोय’ बघायची जुनी सवय इथे जिवावर बेतते, कारण सुईसारखी धार कातडीतून आत घुसते. सिलिंडर हेडचे बरेचसे बोल्ट आता एवढ्या टॉर्कला आणि मग एवढे अंश, असे आवळायचे असतात; ते ताणले जातात आणि पुन्हा वापरायचे नसतात. जुने बोल्ट पुसून लावले की पैसे वाचतात, ते पुढचं गॅस्केट जाईपर्यंत.

हे सगळं शिकवणार कोण, आणि कोणाच्या खर्चाने? जर्मनीने २००३ मध्ये मोटर मेकॅनिक आणि मोटर इलेक्ट्रिशियन असे वेगवेगळे व्यवसाय एकत्र करून मेकाट्रॉनिकर हा एकच व्यवसाय केला. शिक्षण साडेतीन वर्षांचं, अर्धा पाय शाळेत आणि अर्धा वर्कशॉपमध्ये, शिकणाऱ्याला त्या काळात वेतन. यातलं नाव फारसं महत्त्वाचं नाही. वीज आणि यंत्र वेगळं शिकवून भागत नाही, हे त्यांनी मान्य केलं, ते महत्त्वाचं. इतर बऱ्याच ठिकाणी अभ्यासक्रम अजून स्टँडवर ठेवलेलं इंजिन खोलण्या-जोडण्याभोवती फिरतो आणि वीज शेवटच्या काही आठवड्यांत उरकली जाते. क्रम उलटा हवा. आधी ओहमचा नियम, तोही फळ्यावर नाही तर लोड असलेल्या चालू सर्किटवर. मग वायरिंग डायग्राम वाचणं. मग स्कोप, म्हणजे विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र. बॅटरीच्या केबलला करंट क्लॅम्प लावून, इंजेक्शन बंद ठेवून सेल्फ मारला, की स्टार्टरच्या प्रवाहाचे उंचवटे स्कोपवर दिसतात. सगळे सारखे असतील तर सगळ्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन सारखं. एक बुटका असेल तर तिथे दाब कमी. एकही प्लग न काढता दोन मिनिटांत कळतं. ज्याला हे येतं, त्याने खोललेल्या इंजिनांची संख्या कमी असते आणि त्याचंच मला कौतुक वाटतं.

एकदा शिकून भागतही नाही. अमेरिकेतल्या एएसई या ऐच्छिक परीक्षेचं प्रमाणपत्र पाच वर्षांनी नव्याने मिळवावं लागतं, ते उगाच नाही. पण गॅरेजमालकाला भीती असते, की आपण खर्च करून शिकवलेला पोरगा समोरच्या गॅरेजमध्ये जाईल. भीती खरी आहे. निदानाला वेगळा दर मिळाला तर शिकलेल्या माणसाला जास्त द्यायला मालकाकडे पैसे येतात. तो मिळत नसेल तर प्रशिक्षण हा शुद्ध तोटा ठरतो आणि कुठलीही सरकारी योजना तो भरून काढू शकत नाही.

माहितीचा खर्च त्यावर चढतो. स्कॅनर एकदा विकत घेऊन संपत नाही, दरवर्षी अपडेटचे पैसे. वायरिंग डायग्रामची वेगळी वर्गणी. काही गाड्यांत आता सुरक्षित गेटवे असतो; कंपनीकडे नोंदणी केलेली नसेल तर स्कॅनर नुसता वाचू शकतो, काही करू शकत नाही. युरोपात २००७ च्या ७१५ क्रमांकाच्या नियमाने उत्पादकांना दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांनाही वाजवी शुल्कात देणं बंधनकारक केलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ मध्ये असाच कौल दिला आणि २०२० मध्ये गाडी बिनतारी पाठवत असलेल्या माहितीपर्यंत तो वाढवला. उत्पादक त्याविरुद्ध कोर्टात गेले. किल्ली आणि इमोबिलायझरची माहिती वाटेल त्याला मिळू नये, ओळख पटवून नोंद ठेवूनच द्यावी, हे उत्पादकांचं म्हणणं मला मान्य आहे. चोराला दार उघडून देण्यात शहाणपण नाही. पण त्या एका कुलपाच्या आडून नवा क्लच गाडीला ओळखवणं, इंजेक्टरचा कोड आणि ब्रेकचा सर्व्हिस मोडही बंद ठेवायचा, ही चलाखी झाली.

परवाना सगळ्यांनाच सक्तीचा करावा का? नाही. तसं केलं तर लहान गॅरेजं कागदपत्रांत बुडतील आणि तेलपाणी बदलायलाही माणूस मिळणार नाही. दोन कामांना मात्र परवान्याशिवाय हात लावू देऊ नये, कारण तिथली चूक गाडी स्वतः सांगत नाही, किंवा सांगायला माणूस उरत नाही.

पहिलं काम काचेमागच्या कॅमेऱ्याचं. पुढची काच बदलली की लेन ओळखणारा, आपोआप ब्रेक लावणारा कॅमेरा पुन्हा कॅलिब्रेट करावा लागतो. कॅमेरा एका अंशाने तिरका बसला तर १०० मीटरवर त्याची नजर पावणेदोन मीटर चुकते. लेन साडेतीन मीटरची धरली, तर अर्धी लेन! शेजारच्या लेनमधला ट्रक त्याला आपल्यापुढे वाटू शकतो. कॅलिब्रेशनला सपाट जमीन लागते, टायरमधली हवा बरोबर लागते, डिकी रिकामी लागते, आणि टार्गेटचा फलक गाडी ज्या रेषेत खरोखर चालते त्या रेषेपासून मोजून ठेवावा लागतो. म्हणून आधी व्हील अलाइनमेंट, मग कॅलिब्रेशन. उलट केलं की पहिलं काम वाया. काही मॉडेलांत यानंतर ठरावीक वेगाने रस्त्यावर चालवूनही ते पूर्ण करावं लागतं. आणि कॅमेरा जरासा तिरका असला तरी वायर, व्होल्टेज, नेटवर्क सगळं ठीक असेल तर डॅशबोर्डवर एकही दिवा लागत नाही.

दुसरं काम हाय व्होल्टेजचं. ४०० व्होल्टच्या इलेक्ट्रिक गाड्या नेहमीच्या झाल्या, ८०० च्याही आल्या. नारिंगी केबलला हात लावण्याआधी १२ व्होल्टची बॅटरी सोडवायची, सर्व्हिस प्लग काढून स्वतःजवळ ठेवायचा, आणि इन्व्हर्टरमधल्या कॅपॅसिटरांत साठलेली वीज उतरायला कंपनीने सांगितलेली वेळ थांबायचं, बऱ्याच गाड्यांत पाच ते दहा मिनिटं. मग १,००० व्होल्टचे रबरी हातमोजे, घालण्याआधी हवा भरून भोक नाही ना ते बघून, त्यावर चामड्याचे. मीटर आधी माहीत असलेल्या चालू व्होल्टेजवर तपासायचा, मग गाडीवर मोजायचं, मग तोच मीटर पुन्हा त्या चालू व्होल्टेजवर. ही तिसरी पायरी लोक गाळतात. मीटर किंवा त्याची वायर मधेच बिघडली असेल तर ‘शून्य’ म्हणजे मेलेली गाडी की मेलेला मीटर, हे तिच्याशिवाय कळत नाही. हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या ‘चुकत चुकत शिक’ या पद्धतीने चालला. उस्तादाच्या हाताखाली दोन पाने मोडले, एका बोल्टचे आटे खराब केले, चार शिव्या खाल्ल्या आणि पोरगं तयार झालं. इथे तशी मुभाच नाही. म्हणजे शिकवण्याचे तास आधी, गाडीला हात लागण्यापूर्वी, कोणीतरी विकत घ्यावे लागतात. ते तासही आज कुठल्याच बिलात नाहीत.

नवीन बिल कसं दिसेल? वर सांगितलेल्या पी०१७१ चंच लिहून बघू. तक्रार: इंजिनचा दिवा, थंड असताना थरथर. कोड: पी०१७१, फ्रीझ फ्रेम आयडलची. ट्रिम: आयडलला अधिक २१, २,५०० आरपीएमला अधिक ४. वगळलं: पंप, एअरफ्लो सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर. धूर चाचणी: पीसीव्ही होज, खालच्या वळणावर चीर. बदललं: होज एक, क्लिप दोन. दुरुस्तीनंतर ट्रिम: अधिक २ आणि अधिक १. निदान: सव्वा तास. काम: दहा मिनिटं. जुना होज गिऱ्हाइकाच्या हातात.